चंदेरी पॅनेलचा डिलक्स रिव्हर्ब: काय बदलावं आणि कशाला हात लावू नये

गिटार अ‍ॅम्प बनवणारी फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली आणि १९६८ पासून तिच्या अ‍ॅम्पचं काळं पॅनेल चंदेरी झालं. चंदेरी म्हणजे हलका माल, हा समज तेव्हापासून चिकटला आहे. ट्विन किंवा सुपर रिव्हर्ब या फेंडरच्याच मॉडेलांबाबत त्यात तथ्य आहे, कारण त्यांच्या आउटपुट विभागात खरोखर फेरफार झाले. डिलक्स रिव्हर्ब मात्र त्यातून बराच वाचला. काळ्या पॅनेलच्या एबी७६३ सर्किटचा सांगाडा त्यात जवळपास तसाच राहिला आहे. म्हणून जुना ट्यूब अ‍ॅम्प घेऊन नीट करायचा असेल तर पहिली पसंती याच अ‍ॅम्पला. अट एवढीच, की आधीच्या मालकांनी आत फार उद्योग करून ठेवलेले नसावेत.

आत दोन ६व्ही६जीटी पॉवर ट्यूब, रेक्टिफायरला (एसीचा डीसी करायला) जीझेड३४, चार १२एएक्स७ व दोन १२एटी७ या छोट्या ट्यूब आणि ८ ओहमचा एक १२ इंची स्पीकर असतो. आउटपुट साधारण २२ वॉट. घेताना आधी ट्रान्सफॉर्मर पाहावेत. त्यांच्यावर ६०६ने सुरू होणारा आकडा असेल तर ते शूमाकर कंपनीचे, म्हणजे मूळचे. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पाठीवरचा १३७ हा सीटीएस कंपनीचा, तेव्हा १३७ ६८१२ म्हणजे १९६८चा बारावा आठवडा. ट्रान्सफॉर्मर आणि पॉट यांच्या तारखांत काही महिन्यांचं अंतर असणं साहजिक आहे. दहा वर्षांचं असेल तर काहीतरी बदललेलं आहे आणि किंमत त्या हिशेबाने ठरवावी.

आत हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये (सप्लायचा डीसी सपाट करणाऱ्या कंडेन्सरमध्ये) टिकून राहतो. १० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्ह टोकाला आणि चॅसीला (पत्र्याच्या सांगाड्याला) जोडून दहा सेकंद ठेवायचा. मग प्रत्येक कंडेन्सरवर मल्टिमीटर लावून आकडा एक-दोन व्होल्टच्या खाली आला आहे ना, हे पाहायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची सवय वाईट. त्याने कंडेन्सरही जातो आणि कधी बोटही.

जुन्या नगांना दोन पिनांची वायर आणि पाठीमागे ग्राउंड स्विच असतो. त्या स्विचवरून चॅसीला जाणारा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर शॉर्ट झाला तर मेन्सची फेज थेट गिटारच्या तारांवर येते. तो कापून काढावा, याला पर्याय नाही. तीन पिनांची वायर घाला. अर्थची तार चॅसीला स्वतंत्र नट-बोल्टने घट्ट बसवा, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली नको. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. फ्यूज २ अँपिअर, स्लो-ब्लो. मेन्स २३० व्होल्टचे असतील तर किमान २०० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्‌झसाठी बांधलेला असल्यामुळे ५० हर्ट्‌झवर थोडा जास्त तापतो, म्हणून स्टेपडाउनचं आउटपुट १२०पेक्षा ११०वर ठेवलेलं बरं.

वर्षानुवर्षं बंद पडून असलेला अ‍ॅम्प थेट प्लगला लावू नका. सिरीज बोर्ड (मेन्सच्या वाटेत सिरीजमध्ये बल्ब जोडलेला) वापरा, त्यात ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. सगळ्या ट्यूब काढून स्विच दिल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगीत राहिला तर पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. मग रेक्टिफायर लावून पुन्हा तीच चाचणी. आता बल्ब उजळला तर दोष फिल्टर कंडेन्सरकडे.

खर्च आणि वेळ घालायचा तो याच कंडेन्सरवर. चॅसीच्या उलट्या बाजूला पत्र्याचं चौकोनी झाकण असतं, त्याखाली १६ मायक्रोफॅरडचे पाच इलेक्ट्रोलायटिक बसवलेले असतात. झाकण काढून त्यांच्या टोकांकडे उजेडात बघा. रबराच्या बुचाजवळ फुगवटा, तपकिरी चिकट थेंब किंवा पांढरी पूड दिसली तर निकाल लागला. काही दिसलं नाही तरी पन्नास वर्षांचा इलेक्ट्रोलायटिक ठेवण्यात अर्थ नाही, पाचही बदला. २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे चालतात. त्याहून मोठे घालण्याचा मोह टाळावा. पहिले दोन समांतर असतात, म्हणजे ४४ मायक्रोफॅरड. जीझेड३४ची मर्यादा ६०ची आहे. ती ओलांडली की चालू करतानाच्या झटक्याने रेक्टिफायर लवकर मरतो. शिवाय जोराने वाजवताना व्होल्टेज किंचित बसून सूर जो मऊ होतो, तो कमी होतो. या अ‍ॅम्पचा अर्धा गोडवा तिथेच आहे.

फिल्टरबरोबर कॅथोडचे २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे कंडेन्सरही बदला. बायसच्या (पॉवर ट्यूबचा करंट ठरवणाऱ्या व्होल्टेजच्या) कंडेन्सरबाबत मात्र सावध. बायसचं व्होल्टेज निगेटिव्ह असतं, त्यामुळे त्याचं पॉझिटिव्ह टोक चॅसीकडे जातं. सवयीने उलटा लावला की तो फुटतो, बायस नाहीसा होतो आणि काही मिनिटांत ६व्ही६च्या प्लेट लालबुंद. इथे ४७ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा टाका.

यापुढे बरेच दुरुस्तीवाले चुकतात. निळे मोल्डेड कपलिंग कंडेन्सर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सूर नेणारे) सरसकट उपटून नवे घालणं म्हणजे अ‍ॅम्पची किंमत आणि आवाज दोन्ही घालवणं. ते सहसा ठणठणीत असतात. शंका फक्त फेज इन्व्हर्टरपासून (सिग्नल दोन उलट भागांत वाटणाऱ्या ट्यूबपासून) पॉवर ट्यूबच्या ग्रिडला जाणाऱ्या ०.१ मायक्रोफॅरडच्या दोघांची घ्यायची, आणि तपासणी सोपी आहे. दोन्ही ६व्ही६ काढा, स्टँडबाय चालू करा आणि दोन्ही सॉकेटच्या पिन ५वर डीसी मोजा. दोन्हीकडे उणे ३५च्या आसपास, सारखाच आकडा यायला हवा. एकीकडे तो व्होल्टभराने किंवा जास्तीने शून्याकडे सरकला असेल तर त्या बाजूचा कंडेन्सर गळतो आहे. तेवढाच बदला. जुन्या आरसीए किंवा जीई छोट्या ट्यूबही न तपासता फेकू नका, आजच्या कित्येक नव्या ट्यूबपेक्षा त्या शांत चालतात.

पॉवर ट्यूबच्या पिन ४वर ४७० ओहमचे स्क्रीन रेझिस्टर असतील तर मोजून घ्या, नसतील तर २ वॉटचे बसवा. काही चंदेरी नगांत ६व्ही६च्या ग्रिडवरून चॅसीला जाणारे छोटे कंडेन्सर दिसतात. घाईघाईच्या वायरिंगमुळे येणारी शिट्टी दाबायला कारखान्याने लावलेली ती मलमपट्टी. ते काढल्यावर वरचे सूर खुलतात. काढल्यावर शिट्टी आली तर ग्रिडच्या वायरी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरींपासून दूर न्या.

बायस लावायच्या आधी आतला पॉट काय करतो ते ओळखा. पिन ८ आणि चॅसी यांच्यामध्ये प्रत्येक ट्यूबला १ ओहम, १ टक्क्याचा रेझिस्टर टाका. एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. पॉट फिरवल्यावर दोन्ही ट्यूबचे आकडे एकत्र वर-खाली झाले तर तो लेव्हलचा. एक वर आणि दुसरा खाली गेला तर तो फक्त बॅलन्सचा. बॅलन्सचा असेल तर जुन्या पद्धतीचं लेव्हल बायस करून घ्यावं. काम अर्ध्या तासाचं आणि फायदा कायमचा.

आता हिशेब. पिन ३वर समजा ४१० व्होल्ट मिळाले. ६व्ही६जीटीची जुनी मर्यादा १२ वॉट आणि नव्या मोजणीने १४ वॉट. त्यामुळे प्लेटवर ९ वॉटच्या आसपास थांबणं शहाणपणाचं. ९ भागिले ४१० म्हणजे २२ मिलिअँपिअर. कॅथोडवर स्क्रीनचा करंटही मोजला जातो, म्हणून मीटरवर २३-२४ मिलिव्होल्ट दिसले तर बरोबर जमलं. पॉट टोकाला जाऊनही ट्यूब गरम राहत असतील तर त्याच्याजवळचा २७ किलो-ओहमचा रेझिस्टर ३३चा करा, थंड राहत असतील तर २२चा. नव्या ट्यूबमध्ये जेजेच्या ६व्ही६एस हे व्होल्टेज आरामात सोसतात. सूर किंचित जाडसर लागतो, तोही चालेल.

खरखर राहिलीच तर चिनी जेवणाची लाकडी काडी घ्या. अ‍ॅम्प चालू, गिटार नाही, व्हॉल्यूम ३वर. दुसरा हात खिशात ठेवून काडीच्या टोकाने बोर्डावरचे तपकिरी १०० किलो-ओहमचे प्लेट रेझिस्टर एकेक करून हलकेच टोका. दोषी रेझिस्टर टोकताच स्पीकरमध्ये बेकन तळल्यासारखी चर्रर्र येते. तेवढाच बदला. टोकूनही काही सापडत नसेल आणि हवेत ओल वाढली की खरखर वाढत असेल, तर बोर्डाचं मेणकट फायबरच ओल धरून बसलेलं असतं. बोर्डाच्या रिकाम्या जागी मीटर लावा. तिथे काही व्होल्ट दिसले तर हेअर ड्रायरने सावकाश कोरडं करा.

ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारा परिणाम) बंद दिसला म्हणून थेट दुरुस्तीला बसू नका. या सर्किटमध्ये पेडलच्या सॉकेटचं टोक ग्राउंड झाल्याशिवाय ट्रेमोलो सुरूच होत नाही. शॉर्ट केलेला आरसीए प्लग घालून बघा. तरीही बंद असेल तर १२एएक्स७ बदला, मग निऑन बल्ब असलेला आतला काळा ठोकळा तपासा. रिव्हर्बची टाकी (सुराला घुमाव देणारी स्प्रिंगांची पेटी) ४एबी३सी१बी जातीची. तिचं इनपुट मीटरवर १ ओहमच्या आत आणि आउटपुट २०० ओहमच्या आसपास दिसायला हवं. एखादं अनंत दाखवत असेल तर आतली केसासारखी तार तुटलेली आहे. आकडे बरोबर असून आवाज नसेल तर आधी आरसीए केबलीच बदला, बहुतेक वेळा दोष त्यांचाच असतो.

सूर लावायला व्हायब्रॅटो (ट्रेमोलो-रिव्हर्बचा) चॅनेल घ्या, त्यात गेनची एक पायरी जास्त आहे. म्हणूनच दोन्ही चॅनेल जोडून वाजवायला जाऊ नका, त्यांच्या फेज उलट असल्यामुळे आवाज पातळ होतो. सुरुवात व्हॉल्यूम ३.५, ट्रेबल ६, बेस ४, रिव्हर्ब ३. सिंगल कॉइल गिटारला इथे स्वच्छ, घंटेसारखा सूर मिळतो. व्हॉल्यूम ५च्या वर गेला की बेस २वर आणा. नाहीतर खालच्या तारा फसफसतात, कारण फेज इन्व्हर्टर आणि सप्लाय दोन्ही जड सुरांनी आधी दमतात. व्हॉल्यूम ६-७ आणि बेस २ या जागी गिटारच्याच नॉबवर स्वच्छ ते करकरीत असा सगळा पल्ला हाताशी येतो.

कमी आवाजात वरचे सूर टोचत असतील तर दोष ४७ पिकोफॅरडच्या ब्राइट कंडेन्सरचा. व्हॉल्यूम वाढला की त्याचा परिणाम आपोआप मावळतो. घरी नेहमी ३च्या खाली वाजवणाऱ्याने त्याचं एक टोक सोडवून ठेवावं. मिडचा नॉब या अ‍ॅम्पला नाहीच, त्या जागी ६.८ किलो-ओहमचा रेझिस्टर आहे. तो १० किंवा १५चा केला की सोलो बँडमध्ये हरवत नाही. १५च्या पुढे गेलात तर फेंडरचा चेहरा पुसट होतो.

मूळच्या ऑक्सफर्ड १२के५ स्पीकरचा आवाज लवकर फाटतो आणि बेस सैल राहतो. ब्लूज वाजवणाऱ्याला तेच हवं असतं, त्याने तो ठेवावा. बँडमध्ये वाजवायचं असेल तर जेन्सनचा सी१२के घ्या आणि जुना कपाटात जपून ठेवा. अधिक सेन्सिटिव्ह स्पीकरने ३ डेसिबल वाढले तर ते वॉट दुप्पट केल्यासारखं असतं, ट्रान्सफॉर्मरवर मात्र ताण येत नाही. ड्रमच्या जोडीने मोठ्या मंचावर पूर्ण स्वच्छ सूर हवा असेल तर हा अ‍ॅम्प घेऊ नका, तिथे ट्विनच घ्यावा.