एक्स्पोर्टमध्ये काय येतं ते आधी बघा

लेख साठवून नंतर वाचायची जी वेब-सेवा मी रोज वापरत होते, ती बंद होत असल्याचा मेल आला. सोबत एक तारीख होती: तोवर आपला डेटा उतरवून घ्या. तोपर्यंत या सेवेबद्दल कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून शिफारस केली असती. स्वच्छ मांडणी, नेट नसतानाही वाचता येणं, हव्या त्या ओळी रंगवून बाजूला टिपण लिहायची सोय, सगळं होतं. एक्स्पोर्टची फाइल उघडली आणि ते मत तिथेच संपलं.

आत एकच सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता. प्रत्येक ओळीत लेखाचं शीर्षक, दुवा, टॅग आणि साठवल्याची वेळ, तीही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. रंगवलेल्या ओळी नाहीत, टिपणं नाहीत, लेखाचा मजकूर तर नाहीच. वर मराठी शीर्षकांच्या जागी अगम्य चिन्हांच्या रांगा. हा शेवटचा घोळ मात्र सुटतो. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) असते, पण डबल क्लिक करून उघडली की स्प्रेडशीट ती भलत्याच एन्कोडिंगमध्ये वाचते. रिकाम्या शीटमध्ये ती इंपोर्ट करा आणि तिथे यूटीएफ-८ निवडा, अक्षरं जागच्या जागी दिसतात. अशी फाइल खराब समजून कुणी टाकून देऊ नये.

टिपणांचं काय, म्हणून सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की टिपणं एक्स्पोर्टमध्ये येत नाहीत. टिपणं मी लिहिली आहेत, ती मला कशी मिळतील, असं पुन्हा विचारलं तर तेच उत्तर पुन्हा चिकटवून आलं. मग उरलेल्या मुदतीत एकेक लेख उघडून टिपणं हाताने कॉपी केली. पैसे भरून वापरत होते, फुकट नव्हे. त्यामुळे राग अजून गेलेला नाही.

सेवा बंद पडतात, हे नवीन नाही. वेगवेगळ्या साइटींवरचे नवे लेख एकाच जागी आणून देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. दुवे साठवायचं डिलिशस २००३ मध्ये सुरू झालं, या हातातून त्या हातात विकलं गेलं आणि २०१७ मध्ये त्यात नवीन काही साठवणं थांबलं. पण रीडर बंद झालं तेव्हा वाचकांना आपल्या फीड्सची, म्हणजे ज्या साइटींचे नवे लेख येत त्यांची, यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये उचलून दुसरीकडे नेता आली. ती फाइल आजही जवळपास प्रत्येक आरएसएस रीडर वाचतो. मीही यंदा रीडर बदलला, यादी जशीच्या तशी गेली, एकही फीड हरवलं नाही. एवढं एक जमलं तर कंपनी राहो की जावो, आपलं शिकणं थांबत नाही. म्हणून शिकायच्या सगळ्या साधनांकडे मी आता एकाच बाजूने बघते: आपलं लिहिलेलं बाहेर काढता येतं का. बाकी फीचर्सची तुलना इतरत्र भरपूर सापडेल.

टिपणं आता ऑब्सिडियन या नोटा लिहायच्या अ‍ॅपमध्ये आहेत. त्याचं कौतुक सगळेच करतात. कोणती नोट कोणत्या नोटेशी जोडली आहे ते दाखवणारा त्याचा आलेख मी पहिल्या आठवड्यानंतर उघडलेला नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते इतकंच की प्रत्येक नोट म्हणजे माझ्याच डिस्कवरची एक साधी मार्कडाउन फाइल, म्हणजे शीर्षकं वगैरे साध्या खुणांनी दाखवलेला निव्वळ मजकूर. उद्या ऑब्सिडियन काढून टाकलं तरी त्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडतील.

याचा फायदा कुठे झाला ते सांगते, कारण मराठीत टिपणं काढणाऱ्या प्रत्येकाला हे भोवणार आहे. 'दुसऱ्या' असा शोध दिला की काही नोटा सापडायच्या, काही नाही, आणि न सापडलेल्या नोटेत तोच शब्द डोळ्यांसमोर दिसायचा. युनिकोड या अक्षरांच्या संकेतपद्धतीत 'दुसऱ्या'मधला हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यावर हलन्त आणि पुढे य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधणाऱ्या यंत्रणेला मात्र वेगळे. फोनचा कीबोर्ड एक तऱ्हा टंकतो, संगणकाचा दुसरी. कोऱ्या, साऱ्या, ताऱ्यांचा असे शब्द असलेल्या खगोलशास्त्राच्या नोटांत किती ठिकाणी हे अडत असेल, विचार करा. बंद सेवेत हे असतं तर तक्रार करून वाट बघत बसावं लागलं असतं. इथे फाइली माझ्या, म्हणून एडिटरमध्ये सगळ्या फोल्डरवर एकदा शोधा-आणि-बदला चालवलं आणि प्रश्न मिटला. नवीन नोटांसाठी अधूनमधून पुन्हा चालवते.

इथवरचं लिहून झाल्यावर माझं मत थोडं बदललं आहे, तेही नोंदवते. टिपणं आपल्याकडे असली की झालं, असं मला वाटत होतं. ते पुरत नाही. वाचवलेल्या सीएसव्हीतले जुने दुवे तपासले तर बरेच मेलेले निघाले, आणि मूळ लेखाशिवाय 'हा युक्तिवाद पटत नाही' अशा टिपणाला काही अर्थ उरत नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ मधल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आता महत्त्वाचा लेख वाचला की ऑब्सिडियनच्या वेब क्लिपरने पूर्ण मजकूर उतरवते. आकृत्या आणि समीकरणं असतील तर सिंगलफाइल हे एक्स्टेंशन, ते अख्खं पान एका एचटीएमएल फाइलमध्ये बांधून देतं. शोधनिबंध झोटेरो या संदर्भ साठवायच्या अ‍ॅपमध्ये, पीडीएफसकट. यातल्या कशालाच मी वर्गणी भरत नाही, याचा मला आनंद आहे.

अनपेक्षित समाधान दिलं ते अँकीने, म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा विचारणाऱ्या अ‍ॅपने. दिसायला रूक्ष, सेटिंग्जचं पान बघून धडकी भरावी असं. २००६ पासून चालू आहे, कार्डं आणि उजळणीचा इतिहास एका फाइलमध्ये पॅक होऊन बाहेर येतो, म्हणून ठेवलं. नंतर त्याची एक गोष्ट फार आवडली: आठवून आठवून पुन्हा विसरलेलं कार्ड आठव्यांदा चुकलं की अँकी त्यावर 'लीच' (जळू) अशी खूण करतं. माझं 'हर्ट्झस्प्रंग-रसेल आकृती काय दाखवते?' हे कार्ड तसं पकडलं गेलं (या आकृतीत तारे तापमान आणि तेजस्वितेनुसार मांडलेले असतात). त्या एका प्रश्नात चार प्रश्न दडले होते. ते फोडून 'आडव्या अक्षावर तापमान कोणत्या दिशेने वाढतं?' (उजवीकडून डावीकडे), 'उभ्या अक्षावर काय?' (तेजस्विता), 'श्वेत बटू कुठे?' (डावीकडे खाली), 'तांबडे राक्षसी तारे कुठे?' (उजवीकडे वर) अशी कार्डं केली आणि ती आकृती आता कोऱ्या कागदावर काढता येते. कोणतं कार्ड पुन्हा कधी विचारायचं ते ठरवणारी एफएसआरएस ही नवी वेळापत्रक-पद्धत अँकीच्या २०२३ मधल्या २३.१० आवृत्तीत आली. ती चालू केल्यावर रोजच्या उजळण्या कमी झाल्या, आठवण तेवढीच राहिली. अपेक्षित आठवणीचं प्रमाण, म्हणजे उजळणीच्या वेळी किती टक्के कार्डं आठवावीत ते, मूळ ९० टक्क्यांवरच ठेवा. ते ९७ वर नेलं की उजळण्यांचा डोंगर होतो.

आता एकच साधन उरलं आहे, व्हिडिओ कोर्सची साइट. शिकवतात उत्तम, यात वाद नाही. पण व्हिडिओच्या बाजूला लिहिलेल्या नोटा बाहेर काढायचं बटण तिथे नाही आणि सपोर्टचं उत्तर 'सूचना पुढे पाठवली आहे' एवढंच. वर्गणीची मुदत महिनाअखेरीला संपते आणि ऑटो-रिन्यूअल मी आजच बंद केलं. रोज एका धड्याच्या नोटा मिनिट-सेकंदांसकट मार्कडाउनमध्ये उतरवते आहे. सांख्यिकीचा कोर्स पूर्ण उतरून झाला, वर्णपटशास्त्राचा अर्धा बाकी आहे.