पणजोबांचं गाव सापडेना: डीएनए टेस्ट करायची का कागद शोधायचे?

मावसभाऊ आठ दिवसांपासून मागे लागलाय, भाऊ कोणती टेस्ट घेऊ सांग. त्याचे पणजोबा नागपूरच्या महाल भागात येऊन राह्यले एवढंच घरी माहित आहे, कोणत्या गावाहून ते कोणालाच नाही.

माझं म्हणणं, पहिले कपाट पाह्य. आपल्याकडं घरात कोणाची ना कोणाची कास्ट व्हॅलिडिटी (जातीच्या दाखल्याची पडताळणी) झालीच असते, त्या फाइलीत वंशावळ, आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीच्या कोतवाल बुकाची नक्कल सगळं असते (ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा लागते, एससीला १९५० च्या, म्हणून कोणीतरी तहसीलच्या चकरा आधीच मारून ठेवल्या असतात). फुकटात भेटते. गोची एकच, फाइलीत नसलं तर नवं शोधायला कोतवाल बुक गावानुसार असते, आणि इथं गावच माहित नाही!

तिथं डीएनए कामात येते, पण तेही गाव सांगत नाही, नातेवाईक दाखवते, गाव त्याला विचारायचं.

वाय टेस्ट बापाकडून मुलाकडं जाणारं वाय गुणसूत्र पाहते, आडनावाचा प्रश्न असेल तर ठीक, पण जुळलेला माणूस शंभर वर्षांपूर्वीचा भाऊबंद का चारशे हे नक्की कळत नाही, आणि मधात कोणी बाहेरून दत्तक आला असेल तर रेषाच बदलते. आईकडची मायटोकॉन्ड्रियल सोडून दे.

ऑटोसोमल घे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए पाहणारी टेस्ट. दोन्ही बाजू येतात, सख्ख्या चुलतभावाशी साधारण १२.५ टक्के जुळते, त्याच्या पुढच्या पिढीतल्या चुलतभावंडांत ३ च्या आसपास. दर पिढीला अर्धं होते म्हणून स्वतःची नको, आजोबांची कर, त्यांच्यात पणजोबांचं ५० टक्के आहे, तुझ्यात साडेबाराच्या आसपास.

आता आपली भानगड. लग्नं जातीतल्या जातीत, त्यात मामाची पोरगी केलेली, त्यामुळं दूरचा माणूस चार बाजूंनी थोडाथोडा जुळून जवळचा दिसते. एकूण टक्क्यांवर भाळू नको, जुळलेला डीएनएचा सलग तुकडा किती लांब आहे ते पाह्य. शिवाय टेस्ट कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये भारतीय कमीच, पहिल्याच दिवशी कोणी भेटंल असं नाही.

आणि आजोबांना नीट विचारून घे. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए टेस्टच्या कंपनीतून ६९ लाखांच्या आसपास लोकांची माहिती बाहेर गेली, २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

आजोबा ८६ चे आहेत. थुंकीवालं किट नको, तोंड कोरडं पडते त्यांचं, गालातून काडी फिरवायचं मागव म्हटलं. फाइल इतवारीत काकूकडं आहे म्हणते, ती रविवारी मी आणतो.