रेग्झबॉटचे दस्तऐवज: एका अपूर्णविरामाचे परीक्षण

लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नव्या आवृत्तीमुळे आधी नीट चालणारी एखादी गोष्ट बंद पडली, तर त्या बिघाडाला रिग्रेशन म्हणतात. अशा तक्रारी ईमेलच्या ढिगाऱ्यात हरवू नयेत म्हणून थॉर्स्टन लीमहुइस यांनी २०२१ मध्ये रेग्झबॉट हे साधन सुरू केले. फोंड्यातल्या आमच्या लहानशा कार्यशाळेत शाळांचे जुने लॅपटॉप लिनक्सवर चालते ठेवण्याचे काम होत असल्याने या साधनाशी आमची गाठ पडणे अटळ होते. साधन उपयुक्त आहे याबद्दल वाद नाही. हे परीक्षण त्याच्या दस्तऐवजांचे आहे.

गेल्या पावसाळ्यात कर्नल अद्ययावत केल्यावर एका लॅपटॉपचे वाय-फाय झोपेतून उठेनासे झाले. दहा-बारा हजार बदलांतून दोषी बदल शोधायचा, तर बायसेक्टच्या, म्हणजे दरवेळी निम्मे बदल वगळत जाण्याच्या, तेरा-चौदा फेऱ्या लागतात, आणि मध्येच वीज गेली की चालू फेरी पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवसांनी तो बदल सापडला. तक्रारीचा मसुदा लिहायला फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला आमचा प्रशिक्षणार्थी बसला होता. एका बाजूला त्याने पूर्वी कधीतरी उतरवून ठेवलेली कर्नलची मार्गदर्शिका उघडी होती, दुसऱ्या बाजूला रेग्झबॉटचा स्वतःचा संदर्भग्रंथ. दोन्हींकडे आळीपाळीने पाहून तो म्हणाला, "सर, इथं शब्दापुढं दोन ठिपके आहेत, तिथं नाहीत. खरं कुठलं?"

प्रश्न रास्त होता. रेग्झबॉटला काही सांगायचे असेल, तर ईमेलमध्ये ‘#रेग्झबॉट’ लिहून पुढे आज्ञा द्यायची असते. ‘इंट्रोड्यूस्ड’ या आज्ञेने बिघाड कोणत्या बदलाने किंवा कोणत्या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान आला ते कळवता येते, ‘टायटल’ने नोंदीचे शीर्षक बदलता येते, ‘मॉनिटर’ने दुसऱ्या चर्चेवर नजर ठेवता येते. संदर्भग्रंथात या आज्ञांपुढे अपूर्णविराम (:) होता, तर कर्नलच्या मार्गदर्शिकांच्या जुन्या मजकुरात तो नव्हता. प्रत्यक्षात साधनाला त्या दोन ठिपक्यांची सक्त गरज नाही, त्यामुळे दोन्ही रूपे चालून जातात. मात्र हे यंत्राला ठाऊक असते. पहिलीच तक्रार लिहिणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही, आणि जगभरातल्या अनोळखी लोकांपुढे जाणाऱ्या ईमेलमध्ये आपली चूक दिसेल या धास्तीने तो अर्धा तास अडून बसतो. पुढे कर्नलच्या मार्गदर्शिकांतही सगळीकडे अपूर्णविराम घालण्यात आला. कामाच्या दृष्टीने ती दुरुस्ती क्षुल्लक होती, वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मोलाची. आमचा गोंधळ जुनी प्रत वापरल्याचा होता, तो दोष आमचाच.

मडगावचे नाव रेल्वे स्थानकावर रोमन लिपीत एका तऱ्हेने आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. गोव्यातला माणूस त्याने गोंधळत नाही. पाहुणा मात्र ही दोन गावे आहेत का, असे विचारतो. इथेही तेच. रेग्झबॉटचा संदर्भग्रंथ साधनाच्या स्वतःच्या मूळ फाइलींच्या भांडारात राहतो, तर तक्रार करणाऱ्यांसाठी एक आणि कर्नलच्या विकासकांसाठी एक अशा दोन मार्गदर्शिका २०२२ पासून कर्नलच्या भांडारात आहेत. साधनात बदल झाला की पहिल्या घरात तो लगेच लिहिला जातो. दुसऱ्या घरात तो पोहोचायला स्वतंत्र पॅच (बदलाचा प्रस्ताव), तपासणी आणि स्वीकार असा प्रवास करावा लागतो. शिवाय या दोन मार्गदर्शिकांचा मजकूर जीपीएल किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स अशा दुहेरी मुक्त परवान्याखाली असल्याने कोणालाही उतरवून घेता येतो. ही सोय चांगलीच आहे, फक्त आमच्यासारख्यांकडच्या प्रती तिथेच शिळ्या होत राहतात.

बाकी लेखन नेटके आहे. आज्ञा स्वतंत्र परिच्छेदात, रिकामी ओळ सोडून लिहायची हा नियम ठळकपणे सांगितला आहे. ‘इंट्रोड्यूस्ड’आधी टोपीचे ‘^’ चिन्ह दिले की ज्या ईमेलला आपण उत्तर देतो आहोत तोच मूळ अहवाल धरला जातो, ही गोष्ट मात्र नवख्याला दोनदा वाचल्याशिवाय उमगत नाही. तिथे एक पूर्ण नमुना-ईमेल हवा होता. दुरुस्तीच्या पॅचमध्ये मूळ तक्रारीचा दुवा दिल्यावर नोंद आपोआप मिटते, याचे विवेचन मला सर्वांत आवडले, कारण त्यात नियमाबरोबर त्यामागचे कारणही येते. माझ्या मते कर्नलच्या मार्गदर्शिकांनी रोजच्या चार-पाच आज्ञाच ठेवून उरलेल्यांसाठी संदर्भग्रंथाकडे बोट दाखवावे. एकच गोष्ट दोन ठिकाणी सांभाळण्याइतके हात कोणाकडेच नसतात.

पाचपैकी चार गुण. आमच्या फलकावर आता छापील प्रत नाही, संदर्भग्रंथाचा पत्ता तेवढा लिहिलेला आहे, आणि प्रशिक्षणार्थ्याने त्याखाली लाल खडूने दोन मोठे ठिपके काढून ठेवले आहेत.