जुना स्पेस सिम्युलेटर हेडसेटमध्ये: आधी जॉयस्टिक, मग बाकीचं

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट आहे आणि अंतराळातल्या लढाईचा जुना सिम्युलेटर खेळायचाय, तर समोर तीन वाटा असतात. 'स्टार वॉर्स'च्या जगातला १९९९चा 'एक्स-विंग अलायन्स' मॉनिटरवर खेळायचा, तोच मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) टाकून हेडसेटमध्ये खेळायचा, नाहीतर २०२०चा 'स्टार वॉर्स: स्क्वाड्रन्स' घ्यायचा. त्यात हेडसेट पहिल्या दिवसापासून चालतो. माझं मत आधीच सांगतो: बटणांची नीट सोय असलेली जॉयस्टिक असेल तर दुसरी वाट धरा. नसेल तर हेडसेट बाजूला ठेवून आधी ती मिळवा.

कारण या जुन्या गेमला हात भरपूर लागतात. सर्वांत जवळचं शत्रूचं फायटर टार्गेट करायला 'आर', एकेक टार्गेट बदलत जायला 'टी', लेझरला किती ऊर्जा द्यायची ते 'एफ-९'वर, शील्डचं, म्हणजे यानाभोवतीच्या संरक्षक कवचाचं, 'एफ-१०'वर. शिवाय वेग, शील्ड पुढे-मागे वळवणं, साथीदारांना हुकूम. मॉनिटरवर खेळताना नजर क्षणभर खाली गेली तरी भागतं. हेडसेटमध्ये कीबोर्ड दिसतच नाही. एकदा चाचपडत भलतीच की दाबली आणि ऐन पाठलागात माझी सगळी ऊर्जा लेझरकडे गेली, वेग पडला. त्यानंतर रोज लागणाऱ्या दहा-बारा गोष्टी स्टिकवर आणि थ्रॉटलवर (वेग कमी-जास्त करायच्या दांड्यावर) बसवल्या, तेव्हा खेळ हातात आला. 'स्क्वाड्रन्स' इथे फार सोपा आहे. ऊर्जेची वाटणी त्यातही आहे, पण सगळं गेमपॅडवर मावतं.

आता हेडसेटने नेमकं काय मिळतं? मान मिळते. जुन्या गेममध्ये शत्रू पडद्याबाहेर गेला की कॉकपिटमधल्या दोन गोल स्कोपांवर त्याचा ठिपका शोधायचा, डावीकडचा पुढच्या बाजूचा, उजवीकडचा मागच्या. ते वाचायला शिकणं हेच अर्धं कौशल्य होतं. हेडसेटमध्ये शत्रू डोक्यावरून सटकतो तेव्हा तुम्ही वर बघता, आणि तो कुठे वळतोय हे स्टिक ओढायच्या आधीच कळलेलं असतं. ज्या मिशनमध्ये मॉनिटरवर मी वर्तुळात फिरत राहायचो, तिथे आता आतल्या बाजूने वळण कापता येतं.

पण हे कोणत्या यानात बसलाय त्यावर आहे, आणि निवड करताना नेमकं हेच विसरलं जातं. एक्स-विंग किंवा ए-विंग या लढाऊ यानांना काचेचं छत आहे, तिथे मान फिरवण्याचं चीज होतं. टाय फायटरला खिडकी फक्त समोर! कडेला बघाल तर भिंत. १९९४च्या 'टाय फायटर' या गेमची मोहीम 'अलायन्स'च्या इंजिनात नव्याने उभारणारा मोठा मॉड २०२१मध्ये आला. तो हेडसेटमध्ये अप्रतिम दिसतो, पण त्यातली मजा अरुंद डब्यात, शील्डविना बसल्याची आहे. मोकळं आकाश तिथे नाही. म्हणून सुरुवात 'अलायन्स'च्या स्वतःच्या कथेपासून करावी असं मला वाटतं. दोन्हींसाठी मूळ 'अलायन्स'ची प्रत लागतेच.

मिशनच्या बाबतीत मात्र जुन्या गेमला तोड नाही. कंटेनरांच्या रांगेतून हळू जात एकेकाच्या जवळ जाऊन आत काय आहे ते तपासायचं, हे काम मॉनिटरवर कंटाळवाणं वाटायचं. हेडसेटमध्ये तो अवजड डबा खांद्याजवळून सरकतो आणि मी श्वास रोखून बघत राहतो. 'स्क्वाड्रन्स'ची मोहीम देखणी आहे, पण तिला असा निवांतपणा नाही. त्याचं बळ पाच विरुद्ध पाचच्या ऑनलाइन लढतींत आहे. तुम्हाला माणसांशीच लढायचं असेल तर बाकी विचार करू नका, तोच घ्या.

मॉनिटर कुठे जिंकतो? बारीक अक्षरांत आणि लांबच्या ठिपक्यांत. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला १८३२ × १९२० पिक्सेल आहेत, पण ते नजरेच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यावर ताणलेले, की दूरची माइन (अंतराळातला सुरुंग) दोन-चार पिक्सेलची उरते. टार्गेटिंगची चौकट नसती तर दिसलीही नसती.

मळमळीचं म्हणाल तर कॉकपिटची स्थिर चौकट डोळ्यांना आधार देते, त्यामुळे ही यानं रोलर कोस्टरसारख्या अनुभवांपेक्षा सुसह्य आहेत. सर्वांत जास्त त्रास होतो तो स्वतःभोवती गिरकी घेताना. 'फ्रीस्पेस २' हा दुसरा जुना स्पेस सिम्युलेटर मुळात कॉकपिटशिवायचा, समोर फक्त आकडे आणि खुणा तरंगतात. तो मला आवडतो, पण हेडसेट नवा असताना त्याच्यापासून सुरुवात करू नका. आणि 'अलायन्स'मध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. पोटात ढवळायला लागलं तर अर्ध्या तासाची मेहनत सोडून हेडसेट उतरवावा लागतो. म्हणून पहिले काही दिवस सरावाच्या छोट्या फेऱ्याच घ्या, आणि गिरकीऐवजी सावकाश वळायची सवय लावा.