मुंबई-गोवा महामार्ग: एका दिवसात सावंतवाडी, आणि बेत बदलायचे फाटे

राष्ट्रीय महामार्ग 66 वरून मुंबईहून सावंतवाडी एका दिवसात गाठता येते. अंतर सुमारे 500 किलोमीटर. पहाटे चारच्या आत पनवेलजवळचा पळस्पे फाटा मागे टाकला आणि रस्ता मोकळा मिळाला, तर दुपारी तीनच्या सुमारास गाडी दारात उभी राहते. गणपतीत किंवा सलग सुट्यांत मात्र हेच अंतर पंधरा-अठरा तास खाते. अशा दिवशी जोरात गाडी हाणून काही वाचत नाही. महामार्ग कुठल्या फाट्याला सोडायचा हे घरून निघताना ठरलेले असेल, तरच वेळ वाचतो. म्हणून इथे रस्त्याचे परीक्षण फाट्यांच्या हिशेबाने केले आहे.

पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा सर्वांत कमकुवत. चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले, तरी नागोठणे-कोलाड पट्ट्यात अर्धवट पुलांच्या तोंडाशी रुंद रस्ता अचानक अरुंद डायव्हर्जनवर उतरतो. खरी कोंडी पुढे. इंदापूर आणि माणगावचे बाह्यवळण रखडल्यामुळे सगळी वाहतूक बाजारपेठेतून जाते. माणगावात निजामपूर रस्ता, मोर्बा रस्ता आणि एसटी स्टँड जवळजवळ आहेत. रांग थांबली की मागचे उतावीळ चालक समोरच्या लेनमध्ये तिसरी रांग लावतात; समोरून येणारी एसटी अडकते आणि दोन्ही बाजू जाम होतात. वीस मिनिटांची कोंडी दोन तासांची होते ती या तिसऱ्या रांगेमुळे. कितीही घाई असली तरी आपली गाडी त्या रांगेत घालू नये.

वडखळ-नागोठणे टाळायचे असेल तर खोपोली-पाली-वाकण ही वाट उत्तम; वाकण फाट्याला परत महामार्ग लागतो. पालीहून रवाळजे-निजामपूरमार्गे गेले तर इंदापूरही टळते, पण ही वाट शेवटी माणगावातच निघते. मोबाइलचा नकाशा ती हिरवी दाखवतो म्हणून माणगाव सुटेल या भरवशावर राहू नका.

महाड ते खेड हा आता सुखाचा प्रवास आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला; तिथला नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जून 2017 मध्ये वाहतुकीला खुला झाला. पुढे सुमारे दोन किलोमीटरच्या कशेडी बोगद्यामुळे जुन्या घाटातला पाऊण तास काही मिनिटांवर आला. बोगद्यात शिरण्यापूर्वीच हेडलाइट लावा. पावसाळ्यात बाहेर पडताना काचेवर एकदम वाफ धरते, म्हणून वायपर तयार ठेवावा.

परशुराम घाटात पावसाळ्यात दरडीची बाजू सोडून चालावे. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्याला बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग ऑक्टोबर 2023 मध्ये कोसळला आणि काम मागे पडले. इथूनच कराडचा रस्ता फुटतो. पुढचे आरवली, संगमेश्वर, हातखंबा रात्री चालवण्याजोगे नाही: काँक्रीटची कड अर्धा-अर्धा फूट उंच, डायव्हर्जनच्या पाट्या चिखलाने माखलेल्या, पट्टे पुसलेले. उशीर होऊन चिपळुणातच अंधार पडला असेल तर मुक्काम तिथे करावा. हातखंब्याच्या उतारावर टँकर आणि ट्रक पुढे असतील तर अंतर दुप्पट ठेवा. राजापूर ओलांडले की रस्त्याचे रूपच बदलते. खारेपाटण ते झाराप हा सिंधुदुर्गातला पट्टा रुंद, सरळ आणि सगळ्या महामार्गात सर्वांत भरवशाचा. मात्र इथे गुरे रस्त्यावर बसतात, म्हणून काळोखात 70 च्या वर जाऊ नये.

आता पर्याय. पनवेल सोडण्यापूर्वी माणगावची कोंडी कळली तर एक्स्प्रेसवे धरून पुणे-सातारा रस्त्याला लागावे आणि आपल्या गावाप्रमाणे घाट निवडावा. चिपळूणसाठी उंब्रज-पाटण-कुंभार्ली, रत्नागिरीसाठी कोल्हापूर-आंबा घाट-पाली (ही रत्नागिरीजवळची पाली, वरची खोपोलीकडची नव्हे), राजापूरसाठी अणुस्कुरा, कणकवलीसाठी गगनबावडा-करूळ किंवा राधानगरी-फोंडा, सावंतवाडीसाठी संकेश्वर-आजरा-आंबोली. सावंतवाडीला या वाटेने साठ-सत्तर किलोमीटर जास्त पडतात. सातारा-कागल सहापदरीकरणाची डायव्हर्जन्स इथेही आहेत, तरी गाडी चालती राहते. चिपळूणला जाणाऱ्याने कोल्हापूरपर्यंत जाणे हा मात्र शुद्ध वेळेचा नाश.

घाटात शिरण्याआधी तो चालू आहे का, हे पायथ्याच्या नव्हे, माथ्याच्या गावात विचारावे. गगनबावड्यातून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात. एक बंद असेल तर दुसरा मिळतो, पण भुईबावडा अरुंद आहे आणि समोरून ट्रक आला की मागे घेता आले पाहिजे. उतारावर दुसरा गिअर ठेवा. सतत ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापून ब्रेक धरेनासा होतो. करपल्याचा वास आला तर मोकळ्या जागी पंधरा मिनिटे थांबा, चाकावर पाणी ओतू नका.

घरून निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच त्यात हवा भरावी. आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत असतो, भरल्या गाडीसाठीचा वेगळा. सीएनजीवाल्यांनी पंपावरच्या रांगेचा एक तास धरावा किंवा पेट्रोलची टाकी अर्धी तरी भरलेली ठेवावी. माणसागणिक दोन लिटर पाणी, मुलांसाठी सुका खाऊ आणि घाटात नेटवर्क जाते म्हणून ऑफलाइन नकाशा एवढे घरूनच घ्या.

गणपतीत आरटीओ किंवा पोलीस ठाण्यातून मिळणारा टोलमाफीचा पास पुणे-कोल्हापूर मार्गावरही चालतो, त्यामुळे ऐनवेळी वाट बदलली तरी सवलत जात नाही. परतीसाठी तोच लागतो, जपून ठेवा.

2025 च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातले वेर्णा अशी मोटारींची रो-रो सेवा (मोटार रेल्वेवर चढवून न्यायची) सुरू केली: मोटारीमागे 7,875 रुपये, प्रवास सुमारे बारा तासांचा, मोटारीबरोबर जास्तीत जास्त तीन प्रवासी आणि त्यांचे तिकीट वेगळे. माणगावापासून पुढचे सगळे त्रास यात टळतात. अडचण अशी की गाडी सुटण्याच्या तीन तास आधी मोटार कोलाडला पोहोचवावी लागते, आणि महामार्गानेच कोलाडपर्यंत गेले तर वडखळ-नागोठण्याची कोंडी काही टळत नाही. दोघा-तिघांसाठी, पहाटे निघून खोपोली-पाली-वाकणमार्गे कोलाड गाठणार असाल आणि ही सेवा चालू असेल तर ती घ्यावी. पाच माणसांच्या कुटुंबाला ती परवडत नाही. उरलेल्या दोघांना वेगळ्या गाडीचे तिकीट काढावे लागते, आणि ऐन गणपतीत ते मिळणे कठीण.