बँकेच्या ॲपमधली बोलकी सहायिका : तीन आठवड्यांनंतरचे मत

आमच्या बँकेने मोबाइल ॲपमध्ये मराठी बोलणारी सहायिका सुरू केली असून गेले तीन आठवडे मी आणि बाबा ती वापरत आहोत. पडद्यावर हसरा चेहरा दिसतो, उत्तर देण्यापूर्वी ती विचार करत असल्यासारखी क्षणभर थांबते आणि बाबांना ‘काका’ म्हणते. शिल्लक विचारणे, चेकबुक मागवणे, विजेचे बिल भरणे ही कामे ती चोख करते. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षरे न दिसणाऱ्या बाबांची त्यामुळे मोठीच सोय झाली आहे.

माझी तक्रार मुदत ठेवीबाबत आहे. ‘काका, तुमच्यासाठी पाच वर्षांची ठेव अगदी योग्य राहील,’ असे तिने म्हणताच बाबांनी ३ लाख रुपये गुंतवले. बर्डीच्या शाखेत ‘मध्येच मोडली तर व्याज किती कापाल?’ हे विचारल्याशिवाय त्यांनी आजवर कधी सही केलेली नाही. या वेळी का विचारले नाही, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, ‘इतक्या आपुलकीनं बोलत होती, तिला उलट विचारणं बरं वाटलं नाही.’

समोर यंत्र आहे हे बाबांना पक्के ठाऊक होते, पण तेवढ्याने माणूस सावध राहत नाही. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्राम जगासमोर मांडला. तो घडताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते. पुढे स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नॅस यांच्या प्रयोगांत, ज्या संगणकावर काम केले त्यानेच स्वतःविषयी मत विचारले तर लोक अधिक चांगला शेरा देतात, असे आढळले. बाबांचा संकोच याच जातीचा आहे.

चौथ्या दिवशी आम्ही ठेव मोडली. सात दिवसही पूर्ण न झाल्याने व्याज मिळाले नाही. नंतर आवाज आणि चेहरा बंद करून तोच अर्ज उघडला, तेव्हा मुदतीआधी मोडल्यास होणाऱ्या कपातीची ओळ तिथे लिहिलेली होती. मी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि बाबांनी एका वर्षाची मुदत निवडली. सहायिकेने ही ओळ होकार घेण्यापूर्वी, रुपयांतल्या आकड्यासह, स्वतःहून सांगायला हवी. तोवर शिल्लक आणि बिलासाठी तिला पाचपैकी चार गुण, ठेवींसाठी एकच. आवाज बंद करण्याची सोय ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सुलभता’ या भागात, अगदी तळाशी आहे.