मांजरासाठी नखे घासण्याचा खांब: उंची आणि बूड पाहूनच घ्यावा

सायसल या वनस्पतीच्या धाग्यांचा जाड दोर गुंडाळलेला हा खांब आमच्या बोक्याने आपलासा केला, याचे मुख्य श्रेय त्याच्या सुमारे ९० सेंटिमीटर उंचीला द्यावे लागेल. मांजर नखांवरचे जुने आवरण काढण्यासाठी ओरबाडते हे खरेच, पण त्याच वेळी ते पाठ आणि खांदे पूर्ण ताणून घेते आणि पंजांतील गंधग्रंथींमुळे आपली खूणही तेथे सोडते. म्हणून दुकानांत सर्रास दिसणारे गुडघ्याएवढे खांब मोठ्या मांजराच्या फारसे उपयोगाचे नसतात. बूड रुंद व जड असल्यामुळे बोक्याने सगळा भार टाकला तरी हा खांब डगमगत नाही, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण अंगावर कलंडलेल्या खांबाकडे मांजर सहसा पुन्हा फिरकत नाही.

दोर मात्र खालच्या बाजूला लवकर सुटू लागला. नुसत्या गोंदावर न भागवता त्याचे टोक बुडाखाली दाबून घ्यायला हवे होते. सोबतच्या कॅटनिपच्या (मांजरांना भुरळ घालणाऱ्या सुगंधी वनस्पतीच्या) पुडीला भुलू नये, कारण त्याची ओढ आनुवंशिक असते आणि अनेक मांजरे त्याला दादच देत नाहीत.

बोका ज्या सोफ्यावर नखे चालवत असे, त्याला लागूनच खांब ठेवला आणि वापर होताच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा दिला, तेव्हा कुठे सोफा सुटला. रागावून किंवा पंजे धरून खांबावर घासून हे साधत नाही. बदली दोर वेगळा मिळत असेल, तरच खांबाची किंमत वाजवी म्हणता येईल.